चार सेंटिमीटर जागेसाठी

सातारा, ता. 9 फेब्रुवारी 2025

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी तुमचा वाचक आहे, पण त्याआधी तुमचा विक्रेता. साताऱ्यात राजवाड्यापासून वर समर्थ मंदिराकडे जाणाऱ्या भागात गेली 31 वर्षं पेपर टाकतो. तुमचा अंक लोकांच्या हातात सहाला पडतो, माझ्या हातात पावणेपाचला. म्हणजे गावात काय घडलं हे कळणाऱ्यांत माझा नंबर बराच वर लागतो. वाचकांच्या पत्रांत मात्र आजवर कधी लिहिलं नाही. खड्डे, पाणी, वीज, स्टँडवरची गर्दी यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची पत्रं मी नेमानं वाचतो. माझं काम जरा निराळं आहे. मला तुमच्या अंकात एक कॉलम रुंद आणि चार सेंटिमीटर उंच एवढी जागा हवी होती, रीतसर पैसे भरून. ती मिळाली नाही, म्हणून हे पत्र.

सोमवारी, 20 जानेवारीला, माझी कुत्री वारली. 'वारली' हे मुद्दाम लिहितो. दुसरा शब्द लिहून पाहिला, हात चालेना.

तिचं नाव पुरवणी. 2013 च्या जुलैतला एक रविवार होता. साताऱ्यातला जुलैचा पाऊस वरून पडतो, आडवा येतो आणि जमिनीवर आपटून खालूनही भिजवतो. गाडीतून गठ्ठे उतरवून आम्ही एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर पुरवण्या भरत बसलो होतो. पुरवण्यांच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक उचललं तर खाली मुठीएवढं पिल्लू, चिंब भिजलेलं, पहिल्या पानावरच्या लेखावर गाढ झोपलेलं. लाइनवरचा एक पोरगा म्हणाला, "काका, आज अंकासोबत पुरवणी मोफत!" तेच नाव पडलं. ती प्रत भिजली होती, गिऱ्हाइकाला देता येईना आणि भिजलेली प्रत परतीत कुणी घेत नाही. म्हणून ती मी घरी नेली, झोपलेल्या पिल्लासकट.

सौ.नं कपाळाला हात लावला. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं. दोन दिवस ठेवून सोडून द्यायचं ठरलं. ते दोन दिवस साडेअकरा वर्षं चालले.

चार महिन्यांची झाल्यावर ती सायकलबरोबर पळायला लागली. माझ्या लाइनवर 140 घरं आहेत. कुठल्या घरी दोन पेपर पडतात, कुठं फाटकात खोचायचा, कुठं तिसऱ्या पायरीवर ठेवायचा, हे तिला वर्षभरात पाठ झालं. समर्थ मंदिराकडचा चढ आला की मी उतरून सायकल ढकलायचो आणि ही पुढं पळत जाऊन दिव्याच्या खांबाखाली वाट बघत बसायची. तिची एकच खोड होती. एखाद्या घरानं पेपर बंद केला तरी ती त्या फाटकाशी थांबायची आणि माझ्याकडं मान वळवून बघायची, की टाक की! माझ्या वहीत त्या नावापुढं 'बंद' लिहिलेलं असे, तिच्या वहीत बंद हा प्रकारच नव्हता. तिच्यापायी चार-पाच गिऱ्हाइकं लाजून पुन्हा सुरू झाली. तुमच्या वितरण विभागाला हे माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून सांगून ठेवतो.

सुट्टी तिला मान्य नव्हती. दसरा, दिवाळी, विसर्जन, सव्वीस जानेवारी यांच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो. आम्हा लोकांना वर्षातून तेवढीच झोप. ही त्याही दिवशी साडेचारला दार ओरबाडायची. 2020 च्या टाळेबंदीत घरोघर पेपर टाकायला बंदी आली, तेव्हा मी घरात बसलो. ही एकटीच लाइन फिरून परत यायची. मला पत्ता नव्हता, नंतर लोकांनीच सांगितलं.

दिवाळीनंतर ती पाणी फार प्यायला लागली. मी म्हटलं, वय झालं. डिसेंबरात चढावर मध्येच बसली. मग खाणं सुटलं, तोंडाला निराळाच वास यायला लागला. रक्त तपासलं. क्रिएटिनीन दीडच्या आसपास असावं लागतं, तिचं नऊ निघालं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर भला माणूस, उगाच आशा दाखवली नाही. बारा दिवस सलाईन लावलं. त्या बारा दिवसांत तिला पाठीमागच्या कॅरिअरवर खोक्यात बसवून मी लाइन केली, कारण घरी ठेवलं की दाराशी जाऊन पडायची. गेली ती सोमवारी दुपारी, मी बिलाच्या वसुलीला गेलो असताना. सौ. जवळ होती. मी नव्हतो.

आमच्याकडं अंगण नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला हा प्रश्न आधी कधी पडत नाही, पडतो तेव्हा हातात वेळ नसतो. माझ्या लाइनवरच्या एका निवृत्त गुरुजींना कळलं, त्यांनी स्वतः फोन केला, "परड्यात पारिजातक आहे, त्याच्याखाली जागा आहे, घेऊन या." कमरेएवढा खड्डा मी आणि माझ्या मुलानं काढला. पाच किलो खडे मीठ आणलं. आदल्या दिवशीची रविवारची पुरवणी शिल्लक होती, ती खाली अंथरली. गुरुजी काठी टेकत शेवटपर्यंत उभे होते. फुलं वाहताना त्यांनी चप्पल काढली. ते मी विसरणार नाही.

आता मूळ मुद्दा. बुधवारी लाइन संपवून मी छोट्या जाहिराती घेण्याच्या खिडकीवर गेलो. मजकूर लिहून नेला होता. तिथला मुलगा नवा आणि सभ्य होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाला, "काका, निधन सदर माणसांचं असतं." मी म्हटलं, मग प्राण्यांचं कुठलं? त्यानं दरपत्रकावरून बोट फिरवलं. जागा, वाहन, वधू-वर, नावात बदल, पुण्यस्मरण, वाढदिवस. शेवटी म्हणाला, "हरवले-सापडलेमध्ये बसवता येईल."

मी म्हटलं, "बाळा, ती हरवलेली नाही. कुठं आहे ते मला चांगलं माहीत आहे."

तो ओशाळला. मीही ओशाळलो. पैसे खिशात घालून परत आलो.

तुम्ही विचाराल, एका कुत्रीसाठी जाहिरातीचा हट्ट कशाला? सांगतो. माणूस गेला की निधनवार्ता का छापतात, हे मी 31 वर्षं रोज टाकत होतो तरी मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, मानासाठी. मान असतोच. पण खरं काम निराळंच असतं. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला दारोदार तोंडानं सांगावं लागू नये, म्हणून ते छापलेलं असतं. लोक वाचतात, आणि भेटायला येताना त्यांना आधीच ठाऊक असतं. तुम्हाला फक्त बसून राहायचं असतं.

माझी 140 घरं आहेत. 21 तारखेच्या पहाटेपासून मी रोज सांगतोय. "आज एकटेच?" "कुठाय हो आमची पुरी?" "मागं राहिली वाटतं?" दूधवाला विचारतो, झाडणारी मावशी विचारते, पहाटे फिरायला जाणारे थांबून विचारतात. प्रत्येकाला पहिल्यांदाच कळत असतं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते उमटताना मला बघावं लागतं. काही जण नुसतं "अरेरे" म्हणतात, ते बरे. एक साहेब म्हणाले, "कुत्रंच ना? दुसरं आणा, माझ्या ओळखीत लॅब्रॅडोर आहेत." वाईट माणूस नाही तो, दिवाळीला न मागता पोस्त देतो. पण त्या दिवशी मी त्यांचा अंक पायरीवर ठेवायच्या ऐवजी टाकला, आणि तो कुंडीत पडला. दुसऱ्या दिवशी माफी मागितली.

सौ. म्हणाली, तुम्हीच एक पत्रक काढून अंकात घाला की! क्लासची घालता, साड्यांच्या सेलची घालता. तिला वाटतं तितकं ते सोपं नाही. पत्रकाचं काय होतं ते मला माहीत आहे. लोक अंक उचलतात, आधी झटकतात, पत्रकं खाली पडतात आणि मग वाचायला बसतात. पुरवणीला कुणी पायरीवर झटकून टाकावं, हे मला बघवलं नसतं. अंकाच्या आत छापलेलं मात्र झटकून पडत नाही.

आणि शिवाय आजी आहेत.

त्या कुठं राहतात ते लिहीत नाही, कारण एकट्या राहतात. वाड्याच्या वरच्या मजल्यावर, वय 88, ऐकायला फार कमी येतं. गुडघ्यांमुळं खाली उतरत नाहीत. पहाटे पावणेसहाला त्या सज्जातून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली सोडतात. मी अंक घडी करून ठेवतो, दोरीला दोन हिसके देतो, टोपली वर जाते. टोपली खाली येताना कधी रिकामी नसते. तिच्यात पार्ले-जीची दोन बिस्किटं असतात, जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली. ती पुरवणीची. दहा वर्षांत हा क्रम चुकलेला नाही. टोपली दिसली की ही मागच्या दोन पायांवर उभी राहायची, आणि दोरी हलायला लागली की आजींना वर कळायचं की खाली कोण नाचतंय.

21 तारखेला टोपली खाली आली. बिस्किटं होती. अजून अंधारच होता, आजींना खालचं काही दिसत नाही. मी अंक ठेवला, बिस्किटं काढून घेतली, दोन हिसके दिले. टोपली लगेच वर गेली नाही. त्या दोरी धरून थांबल्या होत्या, खालून ओढ लागते का ते बघत. मी दोरी धरली आणि थोडी हलवली.

तेव्हापासून रोज हलवतो.

पहाटे पावणेसहाला दोन मजले ऐकू जाईल असं ओरडून ही बातमी सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, दिवसा जाऊन सांग. दोनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी चहा केला, आणि ही खाली बसली असेल म्हणून बशीत दूध ओतून दिलं. ते दूध मी जिन्यात पिऊन बशी परत नेऊन दिली. दुसऱ्यांदा अर्ध्या जिन्यातून वळलो. बिस्किटं घरी कंदी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. आज सकाळपर्यंत 38 झाली. 27 तारखेला अंक नव्हता, नाहीतर 40 झाली असती. त्या दिवशी सुट्टी असूनही साडेचारला मला आपोआप जाग आली. दाराशी कुणी नव्हतं. उठून चहा करून बसलो.

आजी अंक कसा वाचतात ते मला माहीत आहे, त्यांनीच सांगितलंय. भिंग घेऊन, आधी निधनवार्ता. "आमच्या वयाची माणसं तिथंच भेटतात," म्हणतात. मग वाचकांची पत्रं. मग उरलं तर राजकारण. तेव्हा चार सेंटिमीटर कशाला हवे होते, ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

मी गावाकडचा, कोरेगाव तालुक्यातला. आमच्या वडिलांचा खिल्लार बैल गेला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडिलांनी त्याला बांधावर पुरला आणि दोन दिवस जेवले नाहीत. भावकीतली माणसं येऊन बसली. "लई गुणाचं जित्राब होतं," एवढंच म्हणाली आणि तंबाखू मळत बसून राहिली. कुणी "दुसरा आणा" म्हटलं नाही, जरी दुसरा आणावा लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी बेंदराला आईनं पुरणपोळीचा एक घास बांधावर नेऊन ठेवला. तेव्हा ते विशेष वाटलं नाही. शहरात आल्यावर माणसाला हे सगळं मुद्दाम मागून घ्यावं लागतं.

तुमच्याच जिल्हा पानावर शर्यतीच्या बैलांचे फोटो येतात. बैलाच्या वाढदिवसाच्या जाहिराती मी स्वतः वाटल्या आहेत, केकसकट. पुसेगावच्या यात्रेतला बैल बघायला लोक जिल्ह्याबाहेरून येतात. ते बरोबरच आहे, माझी हरकत नाही. पण मग खिडकीवरच्या दरपत्रकात जनावराला वाढदिवस आहे आणि मरण नाही, हे कसं?

आणि हे सातारा आहे, हेही लक्षात घ्या. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठावर थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिच्याजवळ त्यांच्या खंड्या कुत्र्याची. शिकारीत वाघापासून खंड्यानं महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, अशी कथा आपल्याकडं सांगतात. महाराज 1749 च्या डिसेंबरात गेले, म्हणजे पावणेतीनशे वर्षं झाली. माहुलीच्या कैलास स्मशानभूमीत मी किती जणांना पोचवून आलोय त्याची गणती नाही, माझी आईही तिथंच गेली. पण खंड्यापाशी कधी थांबलो नव्हतो. गेल्या रविवारी लाइन संपवून मुद्दाम सायकल मारत गेलो. बराच वेळ बसलो. पुरवणीनं माझा जीव वगैरे वाचवलेला नाही. तिनं फक्त रोज सकाळी सोबत केली. जहागीर मी मागतही नाही.

उलट बाजूही मला कळते. ज्याची आई काल गेली, त्याला तिच्या फोटोशेजारी कुत्रीचा फोटो चालणार नाही. माझ्या आईची निधनवार्ता तुमच्याच अंकात आली होती, ते कात्रण मी जपून ठेवलंय. तिच्या शेजारी पुरवणी छापली असती तर आईला चाललं असतं, मला तेव्हा चाललं नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ते निधन सदरात नको. छोट्या जाहिरातींच्या पानावर तळाला एक वेगळी चौकट करा. नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, शब्दांचं काम तुमचं. दर हवा तर तोच लावा. पहिली जाहिरात माझी घ्या. मजकूर असा आहे, मोजून पाहिलाय, चार सेंटिमीटरात बसतो:

'पुरवणी (वय साडेअकरा) हिचे सोमवार दि. 20 जानेवारी रोजी अल्पशा आजाराने निधन झाले. लाइनवरील सर्वांना ती परिचित होती. तिच्या पश्चात दोन खोल्यांतील चार माणसे, 140 घरे व एक सायकल असा परिवार आहे.'

चौकट करायला वेळ लागेल, बैठका होतील, हे मी समजू शकतो. तोवर हे पत्र तरी छापा. लांबलं आहे, काटलंत तरी चालेल, फक्त आजींचा भाग काटू नका. ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी माझ्या गठ्ठ्यात पाच अंक जादा पाठवा. एक गुरुजींना, एक डॉक्टरांना, एक खिडकीवरच्या त्या मुलाला द्यायचा आहे, दोन घरी. परतीत धरू नका, पैसे रोख देईन.

आणि आजी, तुम्ही हे भिंगातून वाचत असाल, तर अशा रीतीनं कळवल्याबद्दल रागावू नका. दोरी मीच हलवत होतो. बिस्किटं डब्यात आहेत, एकही खाल्लेलं नाही. उद्यापासून ठेवू नका. टोपली मात्र सोडत जा.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता
सातारा